१५ वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात कायले टाकू?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जुन्या गाड्यांबद्दल बातमी आली अन् दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या पानटपरीवर एकच विषय, १५ वर्षांच्या वरची गाडी सरकार उचलून नेते म्हणे. बातमीत तसं काही लिहिलेलं नव्हतं, मी दोनदा वाचली, पण हेडिंग तसं वाटत होतं अन् आमच्याकडे अर्धा गाव पेपर हेडिंगवरच वाचतो. दुपारपर्यंत जुन्या गाड्या घेणारा एक दलाल गावात हजर. आमच्या अंगणातल्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ मारून पाहिली (हे लोक टायरला लाथ का मारतात मला आजवर समजलं नाही) अन् म्हणे काका, मार्चनंतर हिला कोणी फुकट नाही नेणार, १ लाख १० हजार घ्या अन् मोकळे व्हा. खोटं कायले बोलू, रात्रभर झोप नाही लागली.

आता गाडी कोणती ते सांगतो. २०१० च्या पासिंगची फोर्स कंपनीची ट्रॅव्हलर (मिनीबससारखी मोठी व्हॅन), डिझेल, पांढरी होती आता पिवळसर झाली. २०१६ मध्ये सेकंडहँड घेतली, मागच्या सीटा काढून दोन दिवाण, खाली सामानाचे खण, एक ओटा, गॅसची शेगडी, ८० लिटरची पाण्याची टाकी अन् वर सोलर प्लेट बसवली. शहरातले लोक याले कॅम्पर व्हॅन म्हणतात, आमच्या गावात तिचं नाव घरगाडी. संत्र्याची तोड सुरू असते तेव्हा वावरात जागलीला आम्ही तिच्यातच झोपतो. महाशिवरात्रीला सालबर्डी, डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा, पावसाळ्यात एखाद्या वेळी चिखलदरा. अन् आषाढीला पंढरपूर. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, धर्मशाळेत खाली बसता येत नाही, रात्री तीनदा उठावं लागतं. तिथल्या ६५ एकराच्या मैदानात आजूबाजूला दिंड्यांच्या राहुट्या, मधात आमची गाडी, अन् आई आपल्या दिवाणावर पाय पसरून हरिपाठ म्हणते. ती गाडीत बसली की विठ्ठलाच्या अर्ध्या वाटेवर पोचल्यासारखी दिसते. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरी निव्वळ लोखंडाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मी पक्षपाती आहे हे तुमच्या ध्यानात राहील.

पोरगा पुण्याला असते. तो फोनवर म्हणे बाबा विकून टाका, त्याच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही, आजीला घेऊन समृद्धीवर बंद पडली तर काय करसान. मुद्दा चुकीचा नाही. बायको म्हणे विका नाहीतर ठेवा, पण दरवर्षी वारीच्या तोंडावर गॅरेजात पंधरा दिवस बसणं बंद करा. आईला विचारलंच नाही, कारण उत्तर माहीत होतं.

तर पहिले नियम काय तो पाहिला. सायबर कॅफेवाल्या पोट्ट्याला सोबत घेऊन बसलो अन् मग आरटीओत जाऊन खिडकीवर विचारून आलो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असते, ते संपलं की गाडी दाखवायची, पास झाली तर पुढच्या ५ वर्षांसाठी रिन्यू होते. एवढंच. उचलून नेत नाही कोणी. १५ वर्षांनंतर रिन्यू होतच नाही ती सरकारी गाडी, तो नियम १ एप्रिल २०२३ पासूनचा आहे. अन् डिझेल गाडी १० वर्षांनंतर बंद, हा दिल्ली-एनसीआरचा (दिल्ली अन् आजूबाजूच्या भागाचा) घोळ, त्याचा अमरावती जिल्ह्याशी संबंध नाही. आमच्या टपरीवर या दोन गोष्टी अन् १३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालेलं, जुन्या गाड्या भंगारात काढायचं स्क्रॅप धोरण, तिन्हीची खिचडी होऊन भलताच पदार्थ तयार झाला होता. हां, खर्च मात्र वाढला. चारचाकी रिन्यू करायची फी पूर्वी ६०० होती ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, अन् २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. त्याच्यावर पर्यावरण कर वेगळा, नंबरप्लेट नवीन एचएसआरपी (छेडछाड करता न येणारी सरकारी प्लेट) लागते तिचे ७४५ अन् जीएसटी वेगळा. म्हणजे सरकार जुनी गाडी ठेवू नका असं म्हणत नाही, ठेवायची असेल तर पैसे मोजा म्हणते.

एक काम मी २०१६ मध्ये शहाण्यासारखं केलं होतं. सीटा काढल्या तेव्हा आरटीओत परवानगी घेऊन आरसीवर बैठक कमी करून घेतली अन् इन्शुरन्सवाल्यालाही कळवलं. तेव्हा सगळे हसले. आमच्या ओळखीत अशा तीन गाड्या आहेत, कोणाच्याच आरसीवर तो बदल नाही, आता रिन्यूला गेले की कागदावर बारा सीटा अन् आत पलंग, साहेब पहिले तेच विचारेल.

कागदाचं झालं. आता गाडीचं. मी इंजिनाच्या गोष्टी सांगायला लागलो की थांबत नाही, हे घरचे सगळे जाणतात. या इंजिनाचं मूळ डिझाइन मर्सिडीजचं, ओएम ६१६ नावाचं, गाडीची कंपनी बजाज टेम्पो असताना त्याईनं लायसन्स घेतलं होतं, मग २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स झालं. मेकॅनिकल पंप, कॉम्प्युटर नाही, सेन्सरचा लाल दिवा नाही. मागच्या वर्षी वारीहून येताना मेहकरच्या अलीकडे रेडिएटरचा होज फुटला, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक पोट्टा भेटला, त्यानं तासाभरात दुसरा होज कापून क्लिपा आवळून दिल्या. नवीन बीएस-६ (आताच्या प्रदूषण नियमाची) डिझेल गाडी असती तर? त्याच्यात सायलेन्सरच्या आधी जाळी असते डीपीएफची, काजळी जमते, ती जाळायला गाडी मधून मधून जोरात अन् लांब पळवावी लागते. अन् आमची गाडी वर्षाचे आठ महिने वावर ते गाव पहिल्या-दुसऱ्या गिअरात चालते. म्हणून मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं की इंजिन ठणठणीत आहे, गाडी ठेवायची.

परतवाड्याचा आमचा मिस्त्री, एसटीच्या डेपोत जन्म काढलेला माणूस, त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणे, "भाऊ, इंजिन कायले पाहता? इंजिन तर बांधता येते. खाली या." अन् जॅक लावून, ठोकळे देऊन मला गाडीखाली झोपवलं, हातात टॉर्च अन् पेचकस. म्हणे जिथं रंग फुगला दिसते तिथं टोचा. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन लांब पट्ट्यांना टोचलं, टणटण आवाज. बरं वाटलं. मग सरकत्या दाराच्या पायरीखाली टोचलं, पेचकस मुठीपर्यंत आत. मागच्या चाकावरचा पत्रा, आत. पाण्याच्या टाकीखालचा फ्लोअर, पापडासारखा. टाकीचा नळ दोन वर्षं थेंब थेंब गळत होता अन् आम्ही त्याच्याखाली गंजी (भांडं) ठेवून मोकळे झालो होतो. म्हणजे १५ वर्षांनी गाडीचं काही बिघडवलं नाही, आम्हीच बिघडवलं. वर सोलर प्लेटच्या बोल्टाच्या भोकातून पाणी शिरून कपाटाचं प्लायवूड मऊ झालं होतं, डॅशबोर्डमागची वायरिंग उंदरांनी खाल्लेली. टायरची नक्षी चांगली शिल्लक होती म्हणून मी खुशीत होतो, त्यानं साइडवरचे चार आकडे दाखवले, २३१७, म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीत उन्हात उभी राहते गाडी, रबर आतून मरते, नक्षीवर जाऊ नका म्हणे. बाजूला बारीक चिरा होत्याच, मीच पाहिल्या नव्हत्या.

पण मला हलवलं ते गॅसनं. सिलिंडर ओट्याखाली बंद खणात. मिस्त्री म्हणे याला खाली भोक कुठं आहे? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असते, गळला तर वर नाही जात, फरशीवर साचते. अन् फरशीच्या जवळ कोण झोपते? आई, तिला चढता येत नाही म्हणून तिचा दिवाण सगळ्यात बुटका केलेला. नळी पाहिली तर तिची तारीख २०२१ मध्येच संपलेली. नऊ वर्षं आम्ही ब्रेक तपासत होतो, ऑइल बदलत होतो, नारळ फोडत होतो अन् हे कोणाच्या डोक्यातच नाही आलं. त्या रात्री दलालाला फोन लावायला मोबाइल हातात घेतला होता, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी वहीत हिशोब मांडला. वेल्डिंग, नवा फ्लोअर अन् रंग ४८,०००. पाच टायर ३८,०००. ब्रेक, किंगपिन, पाट्यांचे बुश २२,०००. वायरिंग ९,०००. आरटीओचं सगळं धरून सव्वा लाखाच्या आसपास. पोरगा म्हणे गाडीची किंमत १ लाख १० हजार अन् तुम्ही तिच्यावर सव्वा लाख लावता, हे कोणतं गणित. ऐकायला बरोबर वाटते. पण दलालाच्या १ लाख १० हजारात मला दुसरी घरगाडी कोण देते? नवीन ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात दिवाण-ओटा करायचा तर बँकेवाल्यानं महिन्याला २८,००० हप्ता सांगितला, पाच वर्षं. सव्वा लाखात साडेचार हप्तेही होत नाहीत. अन् आमचं उत्पन्न दर महिन्याला येत नाही, संत्र्याच्या आंबिया बहाराची (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याची) फळगळ झाली की वर्ष गेलं, संत्र्याच्या भरोशावर एवढा हप्ता डोक्यावर घेणारा मी पाहिला आहे अन् नंतर त्याचं वावर विकतानाही पाहिलं आहे. छोटी पेट्रोल व्हॅनही पाहून आलो. ओम्नी २०१९ मध्येच बंद झाली, आता मिळेल ती जुनी, अन् जुन्या पेट्रोल गाडीत आजचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टाकायचं तर रबरी नळ्या अन् सीलचा प्रश्न. शिवाय आईला त्याच्यात पाय पसरता येत नाही, विषय संपला.

तर गाडी ठेवली. पण पोराचं अर्धं ऐकून. समृद्धीवर न्यायची नाही, जुन्या रस्त्यानं साठच्या वर काटा नाही, रात्री चालवायची नाही. सिलिंडरचा खण आतून सीलबंद करून दार बाहेरून, तळाला भोक, नळी-रेग्युलेटर नवीन. पाण्याची टाकी काढूनच टाकली, वीस-वीस लिटरच्या दोन कॅन पुरतात. अन् चॅसीच्या लांब पट्टीत ज्या दिवशी पेचकस शिरला त्या दिवशी एक रुपया न लावता काढायची, हे मी वहीत लिहून बायकोची सही घेतली. तेव्हाही गावच्या कबाड्याला देणार नाही. नोंदणी असलेल्या स्क्रॅप सेंटरला दिली तर सर्टिफिकेट मिळते, त्याच्यावर केंद्राच्या नियमात नवीन खासगी गाडीच्या रोडटॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. कबाड्याला दिली अन् आरटीओत रजिस्ट्रेशन रद्द नाही केलं तर कागदावर गाडी आपल्याच नावानं फिरत राहते, उद्या तिचा नंबर कोणत्या गाडीला लागेल सांगता येत नाही.

पत्र लिहायचं कारण एवढंच की दलाल अजून गावात आहे. त्या बातमीनंतर आमच्या अन् शेजारच्या गावातून त्यानं चार गाड्या उचलल्या, त्यातली एक तर १२ वर्षांचीच होती. ज्याच्या चॅसीत दम नाही त्यानं जरूर विकावी, पण भीतीनं विकू नये. तुम्ही खासगी, सरकारी अन् दिल्लीचा असे तिन्ही नियम वेगळे करून साध्या मराठीत एका चौकटीत छापाल काय? अन् हेडिंग जरा जपून, आमच्याकडं तेवढंच वाचतात.

वेल्डिंगवाल्यानं १५ डिसेंबर सांगितलंय, बहिरमची यात्रा २० ला सुरू होते. त्याच्या शब्दावर घरात कोणाचाच पूर्ण विश्वास नाही, म्हणून यात्रेत भाजायच्या रोडग्याचे (कणकेच्या गोळ्यांचे) गहू अजून दळायला दिले नाहीत.

आपला,
एक संत्रा बागायतदार वाचक,
ता. मोर्शी, जि. अमरावती