शरणपूरच्या मुलांची नावं : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नाशिकच्या शरणपूर रोडवर काही आफ्रिकी माणसांच्या नावांचा फलक लावण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय वाचून हा अर्ज चुकीच्या टेबलावर आलाय असं आपल्या कार्यालयाला वाटेल. तिथून तो 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' दुसऱ्या खात्याकडे, तिसऱ्या खात्याकडे असा फिरत राहू नये, म्हणून खुलं पत्र लिहितोय.

शरणपूर रोड आपण पाहिला असेल. महापालिकेचं राजीव गांधी भवन याच रस्त्यावर आहे. थंडीत स्वेटरसाठी आम्ही ज्या तिबेटियन मार्केटात जातो, तेही इथेच. चौतीस वर्षं मी या शहरात इतिहास शिकवला. शरणपूर हे नाव कुठून आलं, असं एकाही विद्यार्थ्यानं मला विचारलं नाही. खरं सांगायचं तर पहिली वीस वर्षं मलाही तो प्रश्न पडला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबतं इंग्रजांचं आरमार भर समुद्रात अडवायचं. सुटलेल्या माणसांना पुन्हा त्याच किनाऱ्यावर उतरवावं, तर दुसऱ्या दिवशी ती परत बाजारात. म्हणून त्यांना एडनला न्यायचे, नाहीतर मुंबईला. मुंबईत मोठ्यांना गोदीत आणि आगबोटींच्या भट्टीवर काम मिळे. मुलं मिशनऱ्यांच्या हवाली होत. त्यांतली पुष्कळशी नाशिकला आली. चर्च मिशनरी सोसायटीनं तेव्हाच्या नाशिक शहराबाहेर एक ख्रिस्ती वस्ती वसवली होती. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. तिथे या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम होता. लिहिणं, वाचणं, बायबल आणि हातात काहीतरी कसब : सुतारकाम, लोहारकाम.

नावंही तिथेच बदलली. याओ जमातीतला चेंग्विम्बे नावाचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा एक याओ मुलगा जेकब वेनराइट झाला. आईनं हाक मारलेलं नाव पुसून पोराला इंग्रज आडनाव लावायचं, याला मी उपकार म्हणणार नाही. पण याच मुलांनी पुढे जे केलं, ते मात्र त्यांचं स्वतःचं.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. नाईल नदीचा उगम शोधायला तो शेवटच्या सफरीवर निघाला, तो मुंबईहून, जानेवारी १८६६ मध्ये. जाताना शरणपूरच्या नऊ तरुणांना त्यानं बरोबर घेतलं. त्याच्या डायरीत त्यांच्याबद्दल कुरकुरच जास्त आहे. पाच-सात वर्षांत कोणी मेलं, कोणी पळून गेलं. नऊपैकी शेवटपर्यंत राहिले दोघं, मबरुकी आणि गार्डनर. १८७२ मध्ये आणखी सहा 'नासिक बॉइज' त्याच्या मदतीला धाडले गेले. त्यांत जेकब आणि जॉन वेनराइट होते, मॅथ्यू वेलिंग्टन होता, कॅरस फॅरार होता. शिवाय लिव्हिंग्स्टनबरोबर आधीपासूनचे सुसी आणि चुमा. हे दोघं नाशिकचे नव्हेत, पण मुंबईचं पाणी प्यायलेले. चुमा डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत शिकला होता आणि सुसीनं मुंबईच्या गोदीत काम केलं होतं.

मे १८७३ च्या सुरुवातीला, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन मेला. बिछान्याशेजारी गुडघ्यांवर, त्याच अवस्थेत सापडला. आता काय करायचं? साहेब गेला, पगार देणारं कोणी नाही, किनारा शेकडो कोस लांब. पुरून टाकलं असतं आणि आपापल्या वाटेला लागले असते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी बसून ठरवलं, प्रेत समुद्रापर्यंत न्यायचं.

पुढचं सारं कामकाज मला एखाद्या चोख कारकुनाच्या टिपणासारखं वाटतं. काळीज आणि आतडी काढून झाडाखाली पुरली. या कामात कॅरस फॅरारचा हात होता. देह मिठात घालून चौदा दिवस उन्हात वाळवला. मग कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळीत घातला, वर शिडाचं कापड शिवलं. पुरताना प्रार्थना वाचली जेकब वेनराइटनं, कारण वाचायला येत होतं. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली ती त्यानंच. साहेबाच्या सामानाची यादीसुद्धा त्यानंच केली. शरणपूरच्या शाळेतली पाटी-पेन्सिल कुठे कामी आली पाहा. झाडाचा तो कोरलेला तुकडा पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जाऊन बसला.

नंतर नऊ महिने चालणं. प्रेत घेऊन आपल्या हद्दीतून कोणी जाऊ देईना, म्हणून त्यांनी खोटं गाठोडं बांधलं, 'प्रेत परत पाठवतोय' असा देखावा केला आणि खऱ्या प्रेताचं बोचकं कापडाच्या गठ्ठ्यासारखं वळून पुढे काढलं. वाटेत, आताच्या टांझानियातल्या टाबोराजवळ, लेफ्टनंट कॅमरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरा की. त्यांनी ऐकलं नाही. महोदय, हा प्रसंग मी वर्गात सांगायचो तेव्हा इथे थांबायचो. ज्यांना बाजारात विकलं होतं, ज्यांची नावंसुद्धा दुसऱ्यांनी ठेवली होती, ती माणसं वर्दीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला नाही म्हणाली आणि उठून चालू लागली. त्यांच्यात बायकाही होत्या. हलिमा नावाची बाई लिव्हिंग्स्टनचा स्वयंपाक करायची, तीही चालली.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बागामोयोला लागले. १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनविधी झाला. शवपेटीचे मानकरी होते त्यांत जेकब वेनराइट. वाटचालीतला एवढा एकच माणूस तिथवर पोचला होता. लिव्हिंग्स्टनच्या थडग्यावरच्या शिळेची सुरुवात अशी आहे की, विश्वासू हातांनी जमीन आणि समुद्र ओलांडून आणलेला तो इथे विसावला आहे. विश्वासू हात! हातांना नाव नाही. दीडशे वर्षं जगभरातले पर्यटक ती ओळ वाचतात आणि पुढे सरकतात.

नाशिकमध्ये तर तेवढीही ओळ नाही.

या मुलांची गोष्ट लिव्हिंग्स्टनपाशी संपत नाही, आणि माझा खरा जीव पुढच्या भागात आहे. सर बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईच्या ज्या रस्त्याला आज पी. डिमेलो रोड म्हणतात, तो पूर्वी फ्रियर रोड होता. हा फ्रियर पुढे झांझिबारला वाटाघाटींना गेला. ५ जून १८७३ रोजी सुलतान बरघाशनं करारावर सही केली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. (त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण मला हे साल विसरता येत नाही.) मग आताच्या केनियातल्या मोम्बासाजवळ सुटलेल्या गुलामांची वसाहत करायचं ठरलं. ती उभारायला गेले रेव्हरंड प्राइस, शरणपूरच्या आश्रमाचे प्रमुख. १८७५ मध्ये वसाहत उभी राहिली, तिचं नाव फ्रियरटाउन. शिक्षक, लोहार, सुतार, उपदेशक कुठून आणायचे? शरणपूरहून. तिथे या लोकांना नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन्स'.

फ्रियरटाउनात एक घंटा होती. गुलामांची गलबतं दिसली की ती वाजायची. स्वाहिली भाषेत घंटेला 'केंगेले' म्हणतात. त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात. घंटेचा बुरुज अजून उभा आहे.

हे बॉम्बे आफ्रिकन्स तिथे हुकमाचे ताबेदार म्हणून राहिले नाहीत. पगार आणि मानपान यांवरून युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत. ही मंडळी फार शेफारली आहेत, अशा अर्थाच्या तक्रारी साहेब लोक करत. मला त्या तक्रारींचा अभिमान वाटतो. शरणपूरचा विल्यम जोन्स मोम्बासाजवळच्या रबाई इथल्या मिशनचं काम बघत होता. मालकांकडून पळालेले गुलाम तिथे आसऱ्याला येत. मालक चिडले, प्रकरण चिघळलं. शेवटी १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत सुमारे १,४०० माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. भरपाई मात्र मालकांना मिळाली, राबलेल्यांना नाही. तो हिशेब तिथेही असाच होता.

आता माझं गाऱ्हाणं. तीनेक वर्षांपूर्वी मी या मुलांविषयी काही कागद मिळतात का म्हणून एका सरकारी कार्यालयात गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, हे लोक कुठल्या जातीत मोडतात?" मी म्हटलं, "आफ्रिकन." ते म्हणाले, "तसा कॉलम नाही." चहा मात्र पाजला, खोटं कशाला बोलू. जुन्या ख्रिस्ती दफनभूमीपाशी विचारलं, तर उत्तर आलं, "सगळ्या इंग्रजांच्या कबरी आहेत." आत घाणेरीचं रान माजलेलं. काही दगडांवरच्या अक्षरांतलं शिसं निघून गेलेलं, बोट फिरवलं तर खाच लागते, पण वाचता येत नाही.

आणि एक सांगतो. गेल्या पावसाळ्यात शरणपूर रोडवरच्या कॅनडा कॉर्नरच्या टपरीवर एक केनियन विद्यार्थी भेटला. किसुमूचा. हातात ब्रोकरनं दिलेली चिठ्ठी, तिच्यावर पाच पत्ते, पाचही खोडलेले. घरमालकांनी दारातूनच परत पाठवलं होतं. एकानं तर ब्रोकरला त्याच्यासमोरच सांगितलं, "आफ्रिकन नको." मी त्याला म्हटलं, या रस्त्याचं नाव शरणपूर, म्हणजे आसऱ्याचं गाव, आणि इथे तुझ्या बाजूच्या मुलांना आसरा मिळाला होता. तो हसला. मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग मोबाइलवर वेनराइटचा फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हणाला, आमच्या शाळेत फ्रियरटाउन होतं, नाशिक नव्हतं. मी म्हटलं, आमच्या शाळेत दोन्ही नव्हतं.

महोदय, माझी मागणी लहान आहे. पुतळा नको. पुतळा म्हटला की चबुतरा, उद्घाटन, पाच वर्षांनी त्यावरून वाद. रस्त्याचं नावही बदलू नका, त्यात शरण हा शब्द आहे तो राहू द्या. एक दगडी फलक पुरे, फुटपाथवर, वाचायला थांबता येईल अशा जागी. मराठी, इंग्रजी आणि स्वाहिलीत. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं होतच आहेत, त्यांत एक दगड जड नाही. फलकावर मिशनचा उपकार तेवढा लिहू नये. मुलांना विकलं होतं, त्यांची नावं बदलली होती आणि ती मोठी होऊन कुणाच्या आज्ञेबाहेर गेली, हेही लिहावं.

बाकी सगळं आपल्याच खात्यात आहे. दर्शनिका (गॅझेटिअर) विभाग आपल्याकडे. पुराभिलेख संचालनालय आपल्याकडे, तिथे मुंबई सरकारचे जुने दप्तर पडून आहे. नाशिकच्या सरकारवाड्यात वस्तुसंग्रहालय आहे, त्यात एक भिंत या मुलांना द्यावी. वेनराइटच्या हातची रोजनिशी स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरच्या संग्रहालयानं जपली आहे, तिची प्रत मागवता येईल. रबाईला केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांचं छोटं संग्रहालय आहे, त्यांना एक पत्र लिहायला आपल्या कार्यालयाला कोणाची परवानगी लागत असेल असं वाटत नाही. मसुदा हवा असेल तर मी करून देतो.

फलकावरच्या नावांची यादी सोबत जोडली आहे. क्रम अकारविल्हे ठेवला आहे, कुणी मोठा कुणी लहान नको. मॅथ्यू वेलिंग्टनचं नाव मात्र 'च' मध्ये घातलंय, चेंग्विम्बे म्हणून, आणि इंग्रजी नाव त्याच्याखाली बारीक अक्षरात. तो १९३५ पर्यंत जगला, मोम्बासात वारला. हलिमाला दुसरं नाव कागदावर सापडत नाही, तेव्हा तेवढंच लिहावं. कारागिराला एवढं सांगावं की चेंग्विम्बेतला 'ग्वि' ऱ्हस्व आहे, आणि दगडावर छिन्नी चालवण्याआधी कच्चा कागद मला एकदा दाखवावा.

आपला,
शरणपूर रोडवर राहणारा एक निवृत्त शिक्षक
नाशिक