पत्रपेटीवरचे नाव

नेकारकाठ, श्टुटगार्टजवळ
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

प्रिय सखीस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मंगळवारी पोचले. भावोजींचा व्हिसा हाती पडला आणि २ ऑक्टोबरचे तिकीटही काढून झाले, हे वाचून हायसे वाटले. गेले सात महिने तू फोनवर जेवढे बोललीस त्यातले निम्मे त्या व्हिसाबद्दलच होते. आता तू विचारले आहेस की ते येण्याआधी घरात काय काय करून ठेवू, त्याची यादी पाठव. यादी माझ्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी नवरा इकडे आला तेव्हा मी केलेली, त्रेचाळीस बाबींची, प्रत्येक बाबीपुढे बरोबरची खूण असलेली ती वही अजून कपाटात आहे. पण ती मी तुला पाठवणार नाही, आणि का पाठवणार नाही तेच सांगायला आज बसले आहे.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. वालचंद कॉलेजच्या वसतिगृहात ड्रॉइंगच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तुझ्यासुद्धा पेन्सिलींना टोक काढून ठेवणारी मी. नवरा नोव्हेंबरात येणार म्हटल्यावर ऑगस्टपासूनच कामाला लागले. त्याच्या पावलाचा कागदावर काढलेला ठसा फोनवर मागवून घेऊन बर्फात चालायचे बूट आणले, जाड कोट आणला, फोनचे कार्ड घेतले, कपाटाचा उजवा भाग रिकामा करून त्यात अंतराअंतराने हँगर टांगले, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या चारही डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या डकवल्या, भाषेच्या वर्गात नाव घातले, दातांचा डॉक्टर आणि न्हावीसुद्धा शोधून ठेवला. मैत्रिणी म्हणाल्या, नवरा असावा तर असा. नशीबवान नवरा, असे त्यांना म्हणायचे होते.

तो आला आणि पाहुण्यासारखा सोफ्यावर बसला. बसणार नाही तर काय करणार? करण्यासारखे मी काही शिल्लकच ठेवले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी कामावर निघत होते, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्याने मला विचारले, “चहा करून घेऊ का? कोणता कप घेऊ?” सांगलीत बांधकामाच्या जागेवर साठ माणसांकडून काम करून घेणारा हा माणूस स्वतःच्या घरात कप कोणता घेऊ म्हणून परवानगी मागत होता, आणि मला गाडीची इतकी घाई होती की मी “निळा घे” म्हणून निघून गेले. एस-१ लोकल एसलिंगेनला पोचेपर्यंत काही वाटले नाही. त्यानंतर मात्र दिवसभर तो कप डोळ्यांपुढून हलेना.

खरी गोष्ट कळली ती महिन्या-दीड महिन्याने. आरोग्य विम्याच्या कंपनीचे मला पत्र आले की, तुमच्या पतीच्या नावे पाठवलेले कार्ड ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ अशा शेऱ्यानिशी परत आले आहे. तुला माहीत आहेच, इथे घरांना क्रमांक असतो पण फ्लॅटला बहुधा नसतो. टपाल पत्रपेटीवरच्या आडनावावर येते. लग्नानंतर मी माझे आडनाव बदलले नाही, त्यामुळे पेटीवर फक्त माझे आडनाव होते आणि त्याच्या आडनावाचा माणूस पोस्टमनच्या लेखी त्या इमारतीत राहतच नव्हता. करक्रमांकाचे पत्रही असेच परत गेले असणार, हे तेव्हा ध्यानात आले. त्रेचाळीस बाबींमध्ये बूट होते, हँगर होते, न्हावी होता. पेटीवर त्याचे नाव लावणे तेवढे नव्हते. चूक सर्वस्वी माझी. त्याने ते पत्र दोनदा वाचायला लावले, मग हसून म्हणाला, “म्हणजे दीड महिना मी इथे राहत नव्हतो तर.” सांगलीत त्यांचा पोस्टमन नुसते आजोबांचे नाव वाचून तीन वाडे ओलांडून पत्र आणून देतो. त्याच संध्याकाळी त्याने कागदाची पट्टी कापली, तिच्यावर आपले आडनाव ठळक अक्षरांत लिहिले, खाली जाऊन पेटीच्या चौकटीत बसवली आणि घंटेच्या फळीवरही तशीच दुसरी. या घरात त्याने आपणहून केलेले ते पहिले काम.

तेव्हा तुला माझे सांगणे एवढेच की, कागदपत्रांची बाजू पक्की कर आणि घराची बाजू अर्धी सोड.

कागदपत्रांत हयगय चालत नाही, म्हणून ते आधी उरकते. नोंदणीला, म्हणजे आनमेल्डुंगला, राहायला आल्यापासून दोन आठवड्यांची मुदत असते आणि घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. तो आजच मागून ठेव आणि कचेरीतल्या भेटीची वेळ, म्हणजे टर्मिनही, आजच घे, कारण आयत्या वेळी मिळत नाही. विवाहाचा दाखला, त्याचे शपथबद्ध अनुवादकाने केलेले जर्मन भाषांतर, जन्मदाखला, पदव्या, सगळ्या गुणपत्रिका आणि नोकरीची अनुभवपत्रे भावोजींनी हातातल्या बॅगेत आणावीत, सामानात टाकू नयेत. दाखल्यावरचे आणि पारपत्रावरचे स्पेलिंग एकदा अक्षर अक्षर ताडून पाहा. आमच्याकडे एका कागदावर ए एक होता आणि दुसऱ्यावर दोन, आणि त्या एका ए-पायी आम्ही तीन खिडक्यांपुढे उभे राहिलो. आपल्या पारपत्रात वडिलांचे नावही पहिल्या नावाच्या रकान्यात असते, त्यामुळे दवाखान्यात कधी कधी माझ्या सासऱ्यांच्या नावाने पुकारा होतो आणि नवरा उठून उभा राहतो. त्याची आता आम्हाला सवय झाली. सरकारी आरोग्य विमा असेल तर उत्पन्न नसलेल्या जोडीदाराला तुझ्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता घेता येते, त्याचा अर्ज नोंदणीच्या दिवशीच पाठव. राहण्याच्या परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या बराच आधी कर. आणि भावोजींना गाडीचा नाद आहे म्हणून सांगते, भारतीय परवाना भाषांतरासह इथे सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते.

ते उतरणार दसऱ्याला, गुरुवारी. दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, एकीकरण दिनाची सुट्टी. शनिवारी दुकाने उघडतील, रविवारी पुन्हा सगळे शहर बंद. सोने म्हणून द्यायला तिथे आपट्याचे पान मिळणार नाही, पण दूध-भाजी तरी बुधवारीच भरून ठेव. एवढी तयारी कर आणि थांब. पडदे लावायचे राहू देत. पुस्तकांची फळी भिंतीवर चढवायची राहू दे. ड्रिल मशीन शेजाऱ्याकडून मागून आणायला त्यांनाच पाठव, भाषा येत नसली तरी पाठव. फक्त रविवारी नको, त्या दिवशी भोक पाडलेस तर सगळी इमारत दारात येईल.

भाषेचे म्हणशील तर ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्याच्या, जोडीदाराला येण्यापूर्वी ए-१ची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीची, परीक्षा द्यावी लागत नाही, आणि ही सवलत माझ्या मते अर्धी फसवी आहे. आमचा हा ‘गुटन टाग’ एवढ्या भांडवलावर आला आणि पहिले चार महिने मी त्याची दुभाषी झाले. बेकरीत मी बोलायचे, डॉक्टरकडे मी बोलायचे, आणि समोरचा माणूसही त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून विचारायचा, “यांना कुठे दुखते?” पुढे त्याने ७०० तासिकांचा इंटेग्रेशन कोर्स केला, त्यात ६०० भाषेच्या आणि १०० इथला कायदा, इतिहास, समाज यांच्या. वर्गात सीरियातला एक शिंपी आणि ब्राझीलची एक परिचारिका भेटली आणि माझ्या ओळखीचे नसलेले त्याचे पहिले मित्र त्याला तिथे मिळाले. पण बोलायला तो शिकला ते जिन्यात.

आमच्या श्वाबेन भागात केअरवोख म्हणून एक प्रकार आहे, तुमच्या ड्रेस्डेनला तो नसेल. ज्या घराची झाडण्याची पाळी असेल त्या दारावर त्या आठवड्यात पाटी टांगलेली असते. लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना, मोठ्या पाळीत दारापुढचा रस्ता, तळघराची वाट, सगळे आले. मी ते पैसे देऊन बाहेरून करून घेत असे. त्या जानेवारीत पाटी आमच्या दारावर आली तेव्हा त्याने माझ्याआधी झाडू उचलला. हा माणूस आईच्या घरी झाडू कुठे ठेवतात हे सांगू शकला नसता! तळमजल्यावरच्या आजीबाई बाहेर आल्या, दोन मिनिटे बघत उभ्या राहिल्या, मग झाडू त्याच्या हातातून घेऊन पायरीचा कोपरा कसा काढायचा ते करून दाखवले आणि तोंडाने त्या कोपऱ्याचा, पायरीचा, कठड्याचा शब्दही सांगितला. त्याने तो उच्चारला, त्यांनी दुरुस्त केला. दर पाळीला हा वर्ग भरू लागला. आज त्याच्या जर्मनला श्वाबेनचा असा काही वास आहे की माझ्या कचेरीतले उत्तरेकडचे लोक हसतात, आणि मला, नऊ वर्षे इथे राहून, त्या आजीबाईंचे नातवंडांबद्दलचे निम्मे बोलणे कळत नाही ते तो मला समजावून सांगतो.

पैशांचे थोडे नाजूक आहे. मी त्याला माझे कार्ड वापरायला दिले होते आणि त्यात औदार्य आहे असे मला वाटत होते. त्यावर नाव माझे, आणि खर्च होताक्षणी संदेश माझ्या फोनवर. एकदा मी सहज विचारले, “आज दोनदा बेकरीत गेलास?” त्यानंतर आठवडाभर तो बेकरीत गेला नाही. नोंदणी झाली की दुसऱ्याच दिवशी भावोजींच्या नावाचे खाते उघड, ठरावीक रक्कम आपोआप जाईल अशी व्यवस्था कर आणि पुढे त्या खात्याकडे पाहू नकोस. मिरजेत ज्यांना रिक्षावालासुद्धा ‘सर’ म्हणतो, त्यांना बसच्या तिकिटासाठी बायकोकडे पाहावे लागणे किती जड जात असेल, हे ते तुला कधीही सांगणार नाहीत.

तू म्हणशील, एवढे काय, बायका हेच करत आल्या. खरे आहे. आपल्या आया, मावश्या, आत्या परक्या गावात जाऊन जन्मभर अमक्यांची बायको म्हणून जगल्या आणि त्यांचे नाव दारावर आहे की नाही हे आपण मुलींनीही कधी पाहिले नाही. आईला मी हे फोनवर म्हटले तर ती म्हणाली, “तुझ्या बाबांनी पाटी केली तेव्हा पाटीवाला अक्षरामागे पैसे घेत होता.” यावर काय बोलावे? पण म्हणून नवऱ्यावर तीच पाळी आणायची, हा काही न्याय नव्हे. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला नेशील तेव्हा ‘हे माझे मिस्टर’ एवढ्यावर थांबू नकोस. ते रसायनशास्त्र शिकवतात, बुद्धिबळ खेळतात, हेही सांग.

दिवाळी उरकते न उरकते तोच २६ ऑक्टोबरला घड्याळे तासभर मागे जातील आणि घराशी असलेले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाईल. हे सासूबाईंना आधी सांगून ठेव, नाहीतर पहिल्या रविवारी फोन उशिरा आला म्हणून काळजी करत बसतील. डिसेंबरात तुमच्याकडे चारलाच अंधार पडतो, आमच्याकडे त्याहून अर्धा तास उशिरा. त्या दिवसांत आमचा हा रात्रभर सांगलीच्या मित्रांशी बोलत बसे आणि दिवसा झोपे. मी चिडले, भांडले, एकदा फोन लपवलासुद्धा. ते चुकले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, उजेड असताना, त्याला बाहेर बोलावून घेऊ लागले, नदीकाठाने वीस मिनिटे चालू लागलो, तेव्हा हळूहळू झोप ताळ्यावर आली.

खाण्यापिण्याचे तू जाणतेसच. तूप, पेढे, खवा यांतले काही आणू देऊ नकोस, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. कांदा-लसूण मसाला आणता येतो, पण पिशवीवर पिशवी अशा तीन घालायला सांग. आणि काचेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही म्हणून रडू नये. जाळी ठेवूनही फुगत नाही, आम्ही सगळे करून पाहिले. तव्यावरच फडक्याने दाबत राहिले की निम्मी फुगते.

खाली जिन्यात झाडू वाजतो आहे, आज आमची मोठी पाळी. आजीबाईंचा गुडघा दुखावला आहे, म्हणून त्या खुर्ची टाकून दारात बसल्या आहेत आणि तिथून सूचना चालू आहेत. पेटीतले टपाल थोड्याच वेळात उचलतील, म्हणून पत्र आवरते. भावोजींना माझा नमस्कार सांग.

तुझीच,
वसतिगृहातली शेजारीण

ता. क. पत्रपेटीच्या पट्टीचे माप घेऊन कोरी पट्टी मात्र आणून ठेव. आमच्या पेटीला साडेसहा सेंटिमीटर लागली. आणि भावोजींच्या बॅगेत जागा उरलीच तर सांगलीच्या भडंगाचा एक पुडा माझ्या नावाने.