सूचना : सुट्टीत पाहुण्यांकडे मुलांना नेताना

सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्या, बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांनी लक्ष द्यावे. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग मुलाला आणि सोबत्याला चेअर कारमध्ये भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सवलतीसाठीचा मूळ दाखला हाताशी ठेवा.

फिट्सचे औषध हातातल्या पिशवीतच, दोन दिवसांचे जास्तीचे, मोजायच्या सिरिंजसकट. जागरण आणि चुकलेला डोस या दोन्हींनी फिट येऊ शकते. गाडी सकाळी लवकरची, म्हणून आदल्या रात्री मुलांना वेळेवर झोपवा.

आजी-मावशीला आधीच फोन करून सांगा : काही मुलांना अचानक स्पर्श आणि मोठा आवाज सहन होत नाही, म्हणून आल्या आल्या उचलून घेऊ नका, मिक्सर तासभर बंद ठेवा. भाकरी आणि नेहमीची वाटी घरूनच न्या. परक्या ताटात काही मुले घासही घेत नाहीत, मग सगळे त्यांनाच हट्टी म्हणतात. फार जिवाला लागते ते.