खोक्यावरचे '५२५ पट' आणि देवयानी दीर्घिका

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला गच्चीवरून दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची प्रचंड समूहे, पाहण्याबद्दलचा लेख वाचला. या विषयाला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण 'जितके वर्धन (दुर्बीण किती पट मोठे दाखवते ते) जास्त, तितकी दीर्घिका स्पष्ट' हे वाक्य आणि देवयानी दीर्घिकेच्या निळ्या-जांभळ्या छायाचित्राखालची 'घरगुती दुर्बिणीतून दिसणारे दृश्य' ही ओळ छापण्याआधी कोणी जाणकाराला दाखवली होती का? दोन्ही साफ चूक आहेत. अशाच माहितीवर विसंबून लोक दुर्बीण घेतात आणि दोन महिन्यांत ती माळ्यावर जाते.

माझ्या शेजाऱ्यांचे हेच होणार होते. मुलाच्या हट्टाखातर त्यांनी ७६ मिमी आरशाची दुर्बीण घेतली. खोक्यावर ठळक अक्षरांत '५२५ पट'. काही दिवसांनी बापलेक ती उचलून माझ्याकडे आले. "पीस खराब निघाला हो, काळोखाशिवाय काही दिसत नाही." पाहतो तर ४ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) वर्धन तिप्पट करणाऱ्या बार्लो भिंगात बसवलेली. आरशाचे नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंतचे) ७०० मिमी, भागिले नेत्रिकेचे ४, गुणिले बार्लोचे ३. खोक्यावरचा आकडा येतो तो असा. एवढ्या आरशाला १५० पटींच्या वर नेण्यात अर्थ नसतो, आणि दीर्घिकेसाठी तर तेवढेही नको.

मी २५ मिमीची नेत्रिका लावली. वर्धन २८ पट. आरसा जेवढा प्रकाश गोळा करतो तेवढाच शेवटी डोळ्यात येणार. २८ पटींवरून ५२५ पटींवर गेलात की तोच प्रकाश सुमारे ३५० पट मोठ्या क्षेत्रावर पसरतो, मग आधीच अंधूक असलेली दीर्घिका दिसणार कशी? शिवाय देवयानी आकाशात पूर्ण चंद्राच्या सहापट रुंद पसरली आहे. ती मोठी करण्याची गरजच काय?

मुलाच्या हातातला मोबाइल काढून ठेवला आणि सगळे वीसेक मिनिटे अंधारात बसलो. डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मग त्याला सांगितले, डागाकडे थेट बघू नकोस, नेत्रिकेच्या कडेकडे नजर ठेव आणि लक्ष मात्र मध्ये असू दे. बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "काका, लांबट आहे! सरळ पाहिलं की फक्त मधला ठिपका राहतो, बाजूला पाहिलं की परत पसरतं." मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर नसतात, हे त्या पोराला पुस्तक न उघडता समजले. याच पेशींना रंग कळत नाहीत, म्हणून कोणत्याही घरगुती दुर्बिणीतून देवयानी राखाडीच दिसणार. निळा-जांभळा रंग कॅमेऱ्याने कितीतरी वेळ प्रकाश साठवून मिळवलेला असतो. डोळ्याला तसे साठवता येत नाही. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश थेट आपल्या डोळ्यात येतो आहे, याला रंग चढवून दाखवण्याची काय गरज आहे?

लेखात तारकागुच्छांना (एकत्र जमलेल्या ताऱ्यांच्या घोळक्यांना) एकच परिच्छेद मिळाला, तेही खटकले. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ, कृत्तिका, पुष्य हे गुच्छ थोड्या उजळलेल्या आकाशातही निराश करत नाहीत. तारा बिंदूच राहतो, त्यामुळे वर्धन वाढवले तरी तो दीर्घिकेसारखा विरत नाही. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गुच्छ मात्र छोट्या दुर्बिणीत धुरकट गोळाच दिसतो. १७६४ मध्ये खुद्द फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएने (एम १३ मधला 'एम' त्याच्याच नावाचा) त्याची नोंद 'तारा नसलेली तेजोमेघिका' अशी केली होती, आणि त्यात तर लाखो तारे आहेत! तेव्हा वाचकाला तारे सुटे दिसले नाहीत तर त्याची दुर्बीण बिघडलेली नसते, हे लेखात यायला हवे होते. चंद्र नसलेली रात्र निवडावी, हेही लेखात कुठेच नाही.

जाता जाता, त्याच पानावरच्या आकाशाच्या नकाशाबद्दल. त्यात वर उत्तर आणि उजवीकडे पूर्व छापली आहे. आकाशाचा नकाशा डोक्यावर धरून पाहायचा असतो, म्हणून त्यात पूर्व डावीकडे येते. ही चूक गेल्या महिन्यातही होती. मी तेव्हाही कळवले होते. पोच नाही, दुरुस्ती नाही. हा नकाशा घेऊन गच्चीवर जाणारी मुले देवयानी भलत्याच बाजूला शोधत बसतात.

येत्या रविवारी छायाचित्राखालच्या ओळीची आणि वर्धनाबद्दलच्या विधानाची दुरुस्ती छापावी. त्याच जागेवर, त्याच आकारात. आणि पुढचा नकाशा पूर्व डावीकडे ठेवून द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक