झुरळांच्या डब्यात सरसकट स्प्रे नको

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हटके पाळीव प्राण्यांवरचा लेख वाचला, मादागास्करच्या हिसिंग कॉक्रोचला (फुसफुस आवाज करणारं मोठं झुरळ) कोणीतरी प्रेमाने जागा दिली बघून बरं वाटलं, नाहीतर आपल्याकडे झुरळ म्हटलं की आधी चप्पल शोधतात. पण त्यात "डब्यात रोज दोनदा पाण्याचा स्प्रे मारा" असं जे सांगितलंय ना, ते सरसकट सगळ्यांना नका सांगू हो. आमच्या नागपुरात मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते आणि मुंबईत जुलैत ती ऐंशीच्या वर असते, मग दोघांनी सारखाच स्प्रे कसा मारायचा?

या हिसिंगवाल्यांना हवेत साधारण 60 ते 70 टक्के ओलावा लागतो कारण ते मूळचे जंगलातल्या जमिनीवर, कुजक्या लाकडाखाली राहणारे. खरी गरज पडते कात टाकताना. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच-सहा वेळा कात टाकतं, पाठीवरून कात उलते आणि आतून एकदम पांढरंशुभ्र, मऊ झुरळ बाहेर येतं, काही तासांनी परत तपकिरी होतं. हवा कोरडी असली की जुनी कात पायाला नाहीतर मिशीला अडकून बसते, पाय वाकडा होतो, कधी कधी पिल्लू त्यातच मरतं. सरड्यांना खायला घालतात ते डुबिया झुरळ वेगळं, त्याला याच्यापेक्षा कमी ओल चालते, लेखात दोघांना एकाच माळेत ओवलंय.

आता उलटी बाजू. ओल जास्त झाली की झुरळांना लपायला ठेवलेले अंड्याचे कागदी ट्रे लगदा होतात, बुरशी येते, माइट्स म्हणजे अगदी बारीक किडे होतात आणि कुबट वास सुटतो, मग घरातले म्हणतात झुरळं घाण असतात! काचेवर सारखे थेंब दिसत असतील तर स्प्रे बंद करा आणि डब्याची हवेची जाळी मोठी करा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर स्प्रेची बाटली कपाटात गेली तरी चालेल, तिकडे खरा प्रश्न हवा खेळती ठेवायचा आहे.

मी तरी सगळा डबा भिजवत नाही. खाली कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) जाड थर, त्याची एकच बाजू ओली ठेवायची, दुसरी कोरडी, झुरळं आपापली जागा बरोबर शोधतात. कोकोपीट मुठीत दाबलं की गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढंच ओलं. पाण्याच्या वाटीत कापूस नाहीतर स्पंज टाकायचा, नाहीतर पिल्लं बुडतात. आणि डबा एसीच्या झोतात ठेवू नका, एसी हवा कोरडी करतो. आमच्याकडे कूलरच्या खोलीत ठेवला की निम्मं काम आपोआपच होतं 😄

हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो पण स्वस्तातला कधी काहीही आकडा दाखवतो, म्हणून आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळवू नका, मग ते आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी 75 च्या आसपास यायला पाहिजे. 68 आला तर तुमचा मीटर सात कमी दाखवतोय, तेवढे मिळवून वाचायचं. आणि मीटर झाकणाला चिकटवण्यापेक्षा झुरळं जिथे बसतात तिथे खाली ठेवा, वरचा आणि खालचा आकडा बराच वेगळा येतो.

लेखकांना विनंती की पुढच्या रविवारी दोन ओळींची का होईना दुरुस्ती छापा, पाऊस तोंडावर आलाय आणि लेख वाचून ज्यांनी नवीन डबे मांडलेत ते रोज दोनदा स्प्रे मारत बसतील.

– आपला एक वाचक, नागपूर