मंत्रिमहोदय, त्या झोक्याची चावी कुणाकडे आहे?

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मागच्या वर्षी पालकांच्या बैठकीत तुम्ही माझ्या मुलीला म्हणाला होतात, नवीन बागेत तुला सगळं खेळता येईल. ती नऊ वर्षांची आहे, व्हीलचेअर वापरते, आणि तुमचा तो शब्द तिने वर्षभर धरून ठेवला. रविवारी बाग उघडली. गेटवर मोठा बोर्ड, 'सर्व मुलांसाठी'. रॅम्प होता, चांगला होता, पण तो संपला तिथून पुढे सगळी वाळू. खुर्चीची पुढची छोटी चाकं लगेच रुतली, मी ढकलतेय, मागे ओढतेय, खुर्ची हलेना, बाकीची मुलं खेळ थांबवून बघायला लागली आणि ती हळूच म्हणाली, आई राहू दे, मी इथूनच बघते.

चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

व्हीलचेअरसकट चढता येईल असा एक झोका आहे तिथे, खोटं नाही बोलणार. पण लांब कोपऱ्यात, भोवती वेगळी जाळी, आणि जाळीला कुलूप. वॉचमन म्हणाला चावी ऑफिसात आणि ऑफिस रविवारी बंद. अहो, मुलं बागेत रविवारीच येतात! आणि उघडा असता तरी काय, तिने एकटीने जाळीच्या आत झुलायचं आणि मैत्रिणी पलीकडे? टोपलीसारखा मोठा झोका लावला असता तर तीन-चार मुली एकत्र पडून झुलल्या असत्या, त्यात कोण चालतं कोण नाही हे कुणाला कळलंही नसतं. तिला झोक्यापेक्षा सोबत हवी होती.

माझं म्हणाल तर नऊ वर्षं उचलतेय तिला, जिन्यावर, बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये. कंबर गेली. डॉक्टर म्हणतात वजन उचलू नका, मग कोण उचलणार? त्या दिवशीही वाळूतून मीच उचलून आणली, आणि ती रडली नाही याचंच जास्त वाईट वाटलं, तिला सवय झालीये.

हे अवघड नाहीये हो. वाळू-खडीऐवजी रबराची सलग जमीन केली की चाकं फिरतात आणि पडलेल्या मुलाला लागतही कमी, फक्त वर सावली हवी, नाहीतर रबर तापतं. रॅम्पला १ फूट चढायला १२ फूट लांबी. खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा. वाळूत खेळायचंच तर वाळू टेबलावर ठेवा, खालून खुर्ची जाईल असं. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांना एक शांत कोपरा, आणि पळून जाणाऱ्या मुलांसाठी पूर्ण कुंपण. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज तयार होते, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र, असलेल्या मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून निदान एक तरी धातूची घसरगुंडी, तीही सावलीत. हे सगळं आम्ही पालक फुकट सांगितलं असतं, पण नकाशा काढताना आम्हाला कुणी विचारलं? बैठकीत फोटो काढले, बाकी काही नाही.

मुलांच्या खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आहे, कलम ३१. त्यांच्याच २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम ३० मध्ये अपंग मुलांनी इतर मुलांच्या बरोबरीने खेळावं असं स्पष्ट लिहिलंय. बरोबरीने, कोपऱ्यात नाही. युनिसेफने २०२१ मध्ये जगात जवळपास २४ कोटी अपंग मुलं आहेत असं सांगितलं, दहातलं एक. मग ती बागेत दिसत का नाहीत? कारण त्यांना आत जाताच येत नाही, आणि दिसत नाहीत म्हणून तुमचे अधिकारी म्हणतात, कोण येतंय वापरायला. शाळेत हेच, ऑफिसांत हेच, रॅम्प बांधला, फोटो काढला, फाईल बंद, आणि तपासायला जो येतो तो स्वतःच्या पायांनी चालत येतो. एकदा खुर्चीत बसून तपासा की!

वाळू काढायला वेळ लागेल, समजू शकते. जाळी काढायला एक दिवस पुरे. आणि येत्या रविवारी ती पुन्हा विचारेल, तोवर चावी कुणाकडे आहे तेवढं तरी कळवा.

एक आई