कोकणातल्या पहिली-दुसरीचे वर्ष कोकणच्या ऋतूंप्रमाणे आखू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोकणातील जिल्हा परिषद शाळांच्या पहिली-दुसरीच्या वर्गांचे वार्षिक नियोजन स्थानिक ऋतुमानाप्रमाणे करू देण्याबाबत.

महोदय,

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी बहुतेक नोकरी पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर झाली आणि निवृत्तीनंतरही गावच्या शाळेत माझे जाणे-येणे आहे. या पत्रातली मागणी एकच आहे. या दोन वर्गांची शाळा कधी, किती वेळ भरावी आणि कोणत्या महिन्यात मुलांकडून काय करून घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार जिल्हा परिषदेला आणि शाळा व्यवस्थापन समितीला प्रत्यक्षात वापरता यावा.

कायद्याने हा अधिकार दिलेलाच आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथे जिल्हा परिषदेची, जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे हे एक आहे. त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास एवढीच अट आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. एवढी मोकळीक असूनही वेळापत्रक आणि उपक्रमांची यादी वरूनच येते आणि जिल्ह्याच्या हाती स्थानिक सुट्ट्या जुळवण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. विदर्भातल्या शाळा तिथल्या उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि ते योग्यच आहे. विदर्भाच्या उन्हाचा जसा विचार होतो, तसा आमच्या पावसाचाही व्हावा.

कोकणात शाळा उघडते ती ऐन मृगात. सहा वर्षांचे मूल आयुष्यात पहिल्यांदा शाळेला निघते, तेव्हा वाडीपासून शाळेपर्यंतच्या वाटेवर वहाळ, म्हणजे ओढा, भरलेला असतो, साकव निसरडा झालेला असतो आणि त्याला पोहोचवायला येणारी आई मनाने तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपांत, असते, कारण वाफसा गेला तर वर्षाचे भात जाते. मूल वर्गात येते ते गुडघ्यापर्यंत भिजून आणि पुढचे पाच-सहा तास ओल्या चड्डीने गार लादीवर बसते. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे सुट्टी जाहीर झाल्याचा निरोप पुष्कळदा मुले घरून निघाल्यावर फोनवर येतो आणि मग दोन शिक्षकांपैकी एकाने मुलांना वाडीवाडीत परत सोडायचे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैत कोसळतो. या दोन महिन्यांत पहिली-दुसरीची शाळा दुपारचा पोषण आहार होईपर्यंतच भरवावी आणि राहिलेले तास डिसेंबर ते फेब्रुवारीत भरून काढावेत, कारण त्या दिवसांत इथे मुले सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोकळ्यावर शिकू शकतात.

तास थोडे असले म्हणून शिकणे थोडे होते, असे मात्र नाही. आमच्याकडे वर्गाच्या पागोळीपलीकडे मुलांनीच मूठभर भात पेरायचे आणि रोपे वीतभर झाली की ती उपटून दहा-दहांच्या जुड्या बांधायच्या, असा रिवाज होता. तीन जुड्या आणि चार सुटी रोपे म्हणजे चौतीस, हे ज्या मुलाच्या बोटांना एकदा कळले, त्याला दशक-एकक फळ्यावर वेगळे शिकवावे लागत नाही. हा उपक्रम जुलैतच होऊ शकतो. परंतु नेमक्या त्याच आठवड्यात दुसऱ्याच एखाद्या विषयाचा राज्यव्यापी सप्ताह साजरा करण्याचे परिपत्रक आलेले असते आणि जुड्या बांधण्याऐवजी मुले घोषणा पाठ करतात.

भाद्रपदात तर शाळेला वेगळा पाठ शोधावाच लागत नाही. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीसाठी घराघरांतून रानातले सामान गोळा होऊ लागते आणि आम्ही तशीच एक लहान माटवी वर्गात बांधत असू. तेरड्याची फुले, शेरवाडाची पांढरी पाने, कांगण्यांचे घोस, सुपारीचे शिपटे, लालभडक कवंडाळे आणि वाघनखीची ज्वाळेसारखी फुले मुले आपापल्या वाटेवरून आणत. मग कोणते कुंपणावर मिळाले, कोणते सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, कोणते वहाळाकाठी, यावरून त्यांचे गट पडत. त्यांची नावे फळ्यावर लिहिली जात आणि ज्या मुलाला पाठ्यपुस्तकातले वाक्य वाचता येत नसे, तेही ‘कवंडाळ’ हा चार अक्षरी शब्द बोट ठेवून वाचत असे. एका वर्षी नव्याने आलेल्या मुलीने ते लाल फळ उचलून तोंडाशी नेले, तेव्हा शेजारचा मुलगा तिचा हात धरून म्हणाला, “ह्यां खावचां नसतां.” वाघनखीचा कंद विषारी असतो आणि कवंडाळ दिसायला कितीही गोड असले तरी ते खायचे नसते, हे ज्ञान इथल्या मुलाला जीव वाचवण्यासाठी हवे आणि ते आजीकडून नातवाकडे जाण्याची साखळी आता तुटत चालली आहे. शाळेने ती धरून ठेवणे हे अभ्यासाचेच काम आहे, असे मी ठामपणे मानते. दुर्दैवाने गणपतीपूर्वीचा हा काळ बहुधा पहिल्या चाचणीच्या तयारीत जातो.

त्यानंतर भातकापणी येते, दिवाळीत कारीट फोडून नव्या तांदळाचे पोहे होतात आणि सुट्टी लागते. थंडीत वहाळावर वाळूच्या गोणींचा वनराई बंधारा घालताना पाणी अडते कसे ते मुलांनी पाहावे. वेळाससारख्या किनाऱ्यांवर फेब्रुवारीनंतर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जातात. तिथल्या आसपासच्या शाळांना त्यासाठी एखादी पहाट हवी असेल, तर कोणाच्या परवानगीवाचून ती मिळावी.

याच दिवसांत आमच्या वर्गांत आणखी काही मुले येतात, ज्यांचा विचार कोणत्याच वेळापत्रकात दिसत नाही. आंब्याच्या बागांत राखणीसाठी नेपाळी कुटुंबे हिवाळ्यात येतात आणि हंगाम संपला की पावसाच्या तोंडावर निघून जातात. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारीही त्याच कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. पहिलीचा सगळा पाया जून-जुलैत घातला गेला असे धरून चालणारे नियोजन या मुलांच्या काहीच उपयोगाचे नाही. पाया घालण्याचे मुख्य काम डिसेंबरात आले, तर त्यांनाही अक्षरओळखीपासून सुरुवात करता येईल.

शैक्षणिक वर्ष एप्रिलपासून सुरू करण्याचा विचार अधूनमधून पुढे येतो, त्याबद्दल माझा स्पष्ट विरोध नोंदवते. एप्रिलमध्ये इथे विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते, पालक पहाटेपासून आंबा-काजूच्या बागांत असतात, घरी रतांब्यांची आणि पावसाच्या बेगमीची गडबड चालू असते. त्या गडबडीत पहिले पाऊल टाकलेले मूल लगेच महिनाभराच्या सुट्टीवर जाईल आणि भर पावसात परत आल्यावर त्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वय वर्षे ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि हिशेब करता यावा, हे उद्दिष्ट २०२६-२७ साठी ठेवले. वर सांगितलेल्या जुड्या आणि माटवी हे उपक्रम त्या धोरणाशी आणि या उद्दिष्टाशी सुसंगतच आहेत. अडचण आहे ती पुराव्याची. प्रत्येक उपक्रमाचा फोटो काढून लिंकवर चढवावा लागतो, पावसात रेंज जाते आणि द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक मुलांना सोडून व्हरांड्याच्या कोपऱ्यात मोबाइल उंच धरून उभा राहतो. शिक्षकाने वहीत केलेली नोंद आणि केंद्रप्रमुखांनी भेटीत मुलांशी मारलेल्या गप्पा एवढा पुरावा या दोन वर्गांसाठी पुरेसा मानावा.

आपण निदान एका वर्षासाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्हा परिषदांना २०० दिवस आणि ८०० तासांची अट पाळून पहिली-दुसरीची स्वतंत्र दिनदर्शिका करण्यास लेखी मुभा द्यावी, ही विनंती आहे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सभा फेब्रुवारीतच घ्याव्यात, असेही आदेशात नमूद करावे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि मार्च उजाडला की ते बागांत जातात, मग सभेला गणसंख्या भरत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. सिंधुदुर्ग